बांधलेला घोडा आणि गोमाशी

आपल्या व्हाइटफील्डमध्ये हल्ली घोडा दिसतो तो बहुधा दोन प्रसंगी. एक लग्नाच्या वरातीत आणि दुसरा बाप्पाच्या मिरवणुकीत. ढोल-ताशाच्या पुढे, गोंड्यांनी सजवलेला घोडा चालू लागला की मुले त्याच्याभोवती गोळा होतात आणि मोठी माणसेही दोन पावले जवळ जाऊन पाहतात. मिरवणूक संपली की घोडा निघून जातो. कुठे जातो, हे आपण विचारत नाही. बहुतेक वेळा तो शहराबाहेरच्या एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये, म्हशींच्या शेजारी बांधलेला असतो आणि सारखी शेपटी हलवत असतो. ती शेपटी कोणाला हाकलते आहे, याचाच हा छोटासा इतिहास.

वाचकहो, सुरुवातीलाच सांगतो, मी घोड्यांचा डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला स्थापत्य विभागातला माणूस आहे. पाण्याचा निचरा, हवा खेळती ठेवणे, जाळ्या बसवणे ही माझी रोजची कामे. इतिहास वाचण्याची आवड मात्र पहिल्यापासून आहे. घोड्यांच्या रोगांविषयी वाचू लागलो तेव्हा लक्षात आले की या विषयात डॉक्टरांइतकेच काम तबेला बांधणाऱ्याचे आणि झाडणाऱ्याचे आहे. म्हणून हे धाडस.

व्हाइटफील्ड ही वसाहत 1882 साली डी. एस. व्हाइट यांच्या पुढाकाराने, म्हैसूरच्या महाराजांनी दिलेल्या जमिनीवर उभी राहिली. जोलारपेटहून बंगळूरला येणारा लोहमार्ग त्याआधीच, 1864 साली सुरू झाला होता. मोटारी येण्यापूर्वीच्या त्या काळात स्टेशनवरून घरी जायचे तर घोड्याचा जटका नाहीतर बैलगाडी. आजूबाजूला तळी, तळ्यांच्या काठचा चिखल आणि गुरांचे गोठे. म्हणजे घोडा होता आणि घोड्याचे रक्त पिणाऱ्या किड्यांना लागते ते सारेही होते.

आपल्या मराठी माणसाला तर घोडा नवा नाही. ज्या बंगळूरमध्ये शहाजीराजांची जहागीर होती, त्याच बंगळूरमध्ये आपण आज राहतो. मराठी फौजेचे बळ घोडदळात होते. बारगिराचा घोडा सरकारी पागेतला, तर शिलेदाराचा स्वतःचा. पागेची भाषाही किती समृद्ध! घोडा उभा राहतो ते ठाण, दाणा म्हणजे चंदी, चंदी खायला तोंडाला बांधायचा तो तोबरा, अंग घासायचा तो खरारा आणि हे सगळे करणारा तो मोतद्दार. पुढच्या पायांची दोरी आगाडी आणि मागच्या पायांची पिछाडी.

या शेवटच्या दोन शब्दांपाशी जरा थांबू या. रानातल्या घोड्याला माशी चावली तर तो धावतो, चिखलात लोळतो, वाऱ्याच्या दिशेला जाऊन उभा राहतो, दुसऱ्या घोड्याच्या शेपटीचा आडोसा घेतो. आगाडी-पिछाडीने बांधलेल्या घोड्याला यातले काहीच करता येत नाही. शेपटी हलवणे आणि कातडी थरथरवणे एवढेच त्याच्या हातात उरते. आपण त्याला बांधले, त्या क्षणी त्याचे पळून जाणे आपण काढून घेतले. मग माशीपासून त्याला वाचवण्याचे काम कोणाचे? बांधणाऱ्याचेच, हे उघड आहे.

शिवछत्रपतींना ही जबाबदारी किती नेमकी ठाऊक होती, हे त्यांच्या एका प्रसिद्ध पत्रावरून कळते. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले हे पत्र चिपळूणजवळ छावणीला असलेल्या पागेच्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना लिहिलेले आहे. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग रयतेला त्रास द्याल, अशी त्यात कडक ताकीद आहे. त्याच पत्रात विस्तवाचीही काळजी आहे. कोणी तमाखूसाठी विस्तव नेईल, रात्री दिवा तसाच राहील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इतका बारीक विचार राजाने केला आहे. त्या काळी माशा-डास पळवण्याचा हातातला उपाय म्हणजे कडुनिंबाच्या पाल्याची नाहीतर शेणीची धुरी. आणि तबेल्यातली धुरी म्हणजे गवताच्या गंजीशेजारचा विस्तव! एका संकटावरचा उपाय दुसरे संकट होऊ नये, हा धडा आजही तितकाच खरा आहे.

मराठी फौजा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघत आणि पावसाळ्यात छावणी करून राहत. म्हणजे पावसाच्या दिवसांत घोडे एका जागी, दाटीने बांधलेले. चाव्या माशांचा हंगामही नेमका तोच. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत जो रोग घोड्यांना गाठतो त्याचे नाव सर्रा. घोड्याला ताप येतो, उतरतो, पुन्हा येतो. खाणे चालू असते तरी अंग झडत जाते. पाय आणि पोटाखालचा भाग सुजतो, मागचे पाय लटपटतात आणि उपचार न झाल्यास घोडा बहुधा दगावतो. मोतद्दारांना हा रोग पिढ्यान् पिढ्या माहीत होता. त्याचे कारण मात्र कोणाला दिसले नव्हते.

ते दिसले 1880 साली, सिंधू नदीकाठच्या डेरा इस्माईल खान येथे. आज हे गाव पाकिस्तानात आहे. तिथे लष्कराचे घोडे आणि उंट मरत होते. तपासासाठी ग्रिफिथ एव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्याला पाठवण्यात आले. त्यांनी आजारी घोड्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर त्यात वळवळणारे जंतू दिसले. ते रक्त त्यांनी निरोगी जनावरांना टोचले आणि त्यांनाही तोच आजार झाला. स्थानिक लोकांनी एव्हान्स यांना सांगितले होते की हा रोग मोठ्या तपकिरी माशीच्या चावण्याने होतो. ही गोष्ट त्यांनी नोंदवून ठेवली.

वरिष्ठांना मात्र हे पटले नाही. 1878 साली टिमोथी लुईस यांनी कोलकात्यात उंदरांच्या रक्तात तसेच जंतू पाहिले होते आणि ते उंदीर धडधाकट होते. तेव्हा हे जंतू निरुपद्रवी, असे मत पडले. रोगजंतूंचे शास्त्रच तेव्हा बाल्यावस्थेत होते. एव्हान्स यांना दीर्घायुष्य लाभले. ते पूर्ण शंभर वर्षे जगले आणि 1935 साली वारले. आपले म्हणणे जगाने मान्य केलेले त्यांना पाहायला मिळाले, हे त्यांचे भाग्य.

यानंतरच्या कथेत आपला महाराष्ट्र येतो. जॉन हेन्री स्टील हे दुसरे लष्करी पशुवैद्य. 1885 च्या सुमारास त्यांनी ब्रह्मदेशातल्या लष्करी खेचरांमध्ये हाच जंतू पाहिला आणि एव्हान्स यांच्या सन्मानार्थ त्याला त्यांचे नाव दिले. आजही त्याचे शास्त्रीय नाव ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय असेच आहे. हेच स्टील 1886 साली मुंबईत परळ येथे सुरू झालेल्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य. तेव्हाच्या मुंबईत ट्राम घोड्यांच्या, व्हिक्टोरिया घोड्यांच्या आणि शर्यतीही घोड्यांच्या! घोड्याचा आजार हा त्या शहराच्या दळणवळणाचाच प्रश्न होता. आपल्या रेल्वेत इंजिन नादुरुस्त झाले की काय होते ते आम्ही जाणतो. तसेच ते.

पुढचा टप्पा पुण्याचा. 9 डिसेंबर 1889 रोजी पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये जनावरांच्या रोगांवर संशोधन करणारी सरकारी प्रयोगशाळा, इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी, सुरू झाली. हे कॉलेज म्हणजेच पुढचे सीओईपी, आपले इंजिनिअरिंग कॉलेज! एका इंजिनिअरिंगवाल्याला याचा आनंद झाला तर वाचक समजून घेतील. डॉ. आल्फ्रेड लिंगार्ड हे तिचे पहिले प्रमुख. त्यांनी घोड्यांच्या सर्रा रोगाचा दीर्घ अभ्यास केला, सोमलयुक्त औषधाचे प्रयोग केले आणि 1893 मध्ये मुंबईहून त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रयोगशाळा कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलली. दाट वस्तीच्या शहरात घातक जंतू हाताळणे धोक्याचे, हे त्यामागचे एक कारण. आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था ती हीच. तिचा जन्म पुण्यात, मुळा-मुठेच्या काठी झाला, हे फार थोड्यांना माहीत असते.

माशीवरचा आरोप अखेर 1901 साली सिद्ध झाला. लिओनार्ड रॉजर्स यांनी आजारी जनावराचे रक्त पिणाऱ्या गोमाश्या लगेच निरोगी जनावरावर सोडल्या, तेव्हा त्याला सर्रा झाला. मध्ये एखादा दिवस जाऊ दिला, तेव्हा मात्र झाला नाही. याचा अर्थ असा की जंतू माशीच्या पोटात वाढत नाही. तो तिच्या सोंडेवरच्या ओल्या रक्तातून जातो, जणू एकच सुई दोघांना टोचावी तसा. घोड्याने शेपटीचा फटका मारला की अर्धपोटी माशी उडते आणि शेजारच्या घोड्यावर बसते. तेवढे पुरते. डेरा इस्माईल खानच्या लोकांनी तपकिरी माशीकडे बोट दाखवले होते, त्याला शास्त्राची मोहोर लागायला एकवीस वर्षे लागली.

त्याच सुमारास मॉरिशसमध्ये एक मोठा अनर्थ घडला. ज्या बेटावर आपली अनेक मराठी कुटुंबे ऊसमळ्यांच्या कामासाठी गेली आणि स्थायिक झाली, तेच हे मॉरिशस. 1901 साली भारतातून नेलेल्या गुरांबरोबर सर्रा तिथे पोहोचला आणि बेटावरचे घोडे व खेचरे पटापट मेली. यातला मुद्दा नीट लक्षात घ्यावा. गाय, बैल, म्हैस यांच्या रक्तात हा जंतू असला तरी ती बरेचदा आजारी दिसत नाहीत. वरून धडधाकट म्हैस, शेजारी बांधलेला घोडा आणि मध्ये माशी, एवढी सामग्री रोगाला पुरते. आपल्या मिरवणुकीतला घोडा म्हशींच्या शेजारी बांधलेला असतो असे वर म्हटले, ते यासाठीच.

माणसाला हा रोग होत नाही, असेच अनेक वर्षे मानले जात होते. पण 2004 साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याला वारंवार ताप येऊ लागला आणि त्याच्या रक्तात हाच जंतू सापडला. जगातला हा पहिला नीट नोंदला गेलेला मानवी रुग्ण. सुरामिन नावाच्या औषधाने तो बरा झाला. पुढे कळले की या जंतूला मारणारे जे प्रथिन माणसाच्या रक्तात जन्मतः असते, ते त्याच्या रक्तात नव्हते. म्हणजे घाबरण्याचे कारण नाही. पण तबेल्यातला रोग तबेल्यातच राहतो, असे गृहीत धरण्याचेही कारण नाही.

सर्रा दिवसा चावणाऱ्या माशीचा. दुसरा एक रोग रात्रीच्या किड्याचा आहे आणि तो याहून भयंकर. त्याला आफ्रिकन अश्वज्वर म्हणू या. दक्षिण आफ्रिकेच्या केप भागात 1854-55 मध्ये या रोगाने सुमारे 70,000 घोडे मेले. तिथल्या लोकांनी अनुभवाने एक नियम शोधला होता : सूर्य मावळण्याआधी घोडा तबेल्यात घ्यायचा आणि ऊन चढल्यावरच बाहेर काढायचा. हा नियम का उपयोगी पडतो, ते 1944 मध्ये स्पष्ट झाले. रोगाचा विषाणू चिलटातून पसरतो, आणि चिलट संध्याकाळपासून पहाटेपर्यंत हिंडते. इथेही अनुभव आधी, शास्त्र नंतर!

हा रोग आफ्रिकेपुरता राहिला नाही. 1959 ते 1961 या काळात त्याने पश्चिम आशियातून पूर्वेकडे मुसंडी मारली. घोडे, गाढवे, खेचरे मिळून तीन लाखांहून अधिक जनावरे दगावली. 1960 मध्ये तो भारतात आला. आपल्याकडची शेवटची नोंद 1963 ची. 2014 पासून भारताला या रोगापासून मुक्त देश म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता आहे. पण 2020 च्या मार्चमध्ये तो अचानक थायलंडमध्ये उपटला आणि पाचशेहून अधिक घोडे गेले. आपण सारे टाळेबंदीत घरात बसलो होतो, त्याच दिवसांत तिथले घोडेमालक तबेल्यांभोवती जाळ्या शिवत होते. लस आणि जाळी यांच्या जोरावर तो देश पुन्हा रोगमुक्त झाला. थायलंड आपल्यापासून फार दूर नाही.

आता थोडे माझ्या धंद्याचे बोलतो. घोड्याचे शत्रू तीन आणि तिघांची वेळ, जन्मस्थान वेगवेगळे. पहिली गोमाशी. ती तळ्याकाठच्या चिखलात जन्मते, भर उन्हात चावते, पण अंधाऱ्या छपराखाली सहसा शिरत नाही. म्हणून माशांच्या हंगामात दुपारी घोडा सावलीच्या शेडमध्ये हवा, तळ्याकाठी नव्हे. ती आपले अर्धवट जेवण पुरे करायला जवळचाच घोडा शोधते, फार लांब जात नाही. म्हणून आजारी जनावर वेगळे बांधायचे ते शेजारच्या ठाणात नव्हे, चांगले दोनशे पावले दूर.

दुसरी तबेल्यातली चावरी माशी. दिसायला घरमाशीसारखीच, पण सोंड सुईसारखी पुढे आलेली आणि बसते ती घोड्याच्या पायांवर. तिचा जन्म लीद आणि मुतात भिजलेल्या सडक्या गवतात होतो. अंड्यापासून माशी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणजे ओले गवत आणि लीद आठवड्यातून एकदा जरी पूर्ण उचलून लांब नेली, तरी नवी माशी जन्मालाच येत नाही. यासाठी औषध लागत नाही, फावडे लागते! शेडच्या जमिनीला उतार आणि मागे वाहती गटार असेल तर निम्मे काम तिथेच होते.

तिसरे चिलट. ते इतके लहान की साध्या मच्छरदाणीच्या भोकातूनही आत शिरू शकते. त्याला बारीक विणीची जाळी लागते. पण जाळी जितकी बारीक, तितकी हवा कमी आणि आत घोडा उकडून निघतो. यावर उपाय पंख्याचा. चिलट उडण्यात दुबळे असते, वाऱ्यापुढे त्याचा टिकाव लागत नाही. छताला पंखा लावला की घोड्याला गारवा मिळतो आणि चिलटाला अडथळा होतो. मात्र विजेची तार गवतापासून दूर आणि नळीतून घेतलेली हवी. महाराजांच्या पत्रातला उंदीर आजही आहे, तो आता वात न ओढता तार कुरतडतो.

आणि एक. घोड्याला इंजेक्शन देताना प्रत्येकाला नवी सुई. नाहीतर माशीचे काम आपणच करतो.

या सगळ्याचे मोल किती, ते अलीकडच्या एका घटनेवरून कळेल. जुलै 2025 मध्ये मेरठ छावणीतील लष्कराच्या घोड्यांच्या केंद्राला सर्रा आणि आणखी चार रोगांपासून मुक्त विभाग म्हणून जागतिक पशु-आरोग्य संघटनेची मान्यता मिळाली. त्यामुळे तिथल्या भारतीय घोड्यांना परदेशातल्या स्पर्धांना जाण्याचा मार्ग मोकळा झाला. 1880 मध्ये लष्कराच्याच घोड्यांत सापडलेला रोग, 145 वर्षांनी लष्कराच्याच एका तबेल्याबाहेर ठेवता आला. तो ठेवला शिस्तीने : कोण आत येते, काय आत येते, कचरा कुठे जातो, माशी कुठे जन्मते, याच्या रोजच्या देखरेखीने.

मेरठला जे सरकारने केले, त्याचा छोटा हिस्सा आपल्याला इथेही करता येईल. वरातीचा किंवा मिरवणुकीचा घोडा ज्याच्या घरी असतो तो गरीब माणूस असतो. त्याचे सगळे घर त्या एका जनावरावर चालते. घोडा सर्राने झडू लागला की आधी त्याचे काम जाते, मग मुलांची फी राहते. त्याला उपदेश करण्याऐवजी आपण घोडा ठरवताना दोन प्रश्न आपुलकीने विचारावेत : घोडा कुठे बांधता आणि रक्त शेवटचे कधी तपासले? मंडळाच्या ताशांवर, फुलांवर खर्च होतो, त्यात एका जाळीचा, एका पंख्याचा आणि पशुवैद्याच्या एका भेटीचा खर्च फार नाही. आपल्या मंडळात सुतारकाम, वायरिंग जाणणारी मंडळी आहेत. एका रविवारी चार जण गेले तर एक शेड संध्याकाळपर्यंत नीट होईल. जाळी बसवायला मी येतो.

दसऱ्याला आपण घोड्याची पूजा करत आलो. बाप्पाच्या पुढेही त्याला मानाने चालवतो. ज्याला बांधतो त्याचे रक्षण करणे, ही त्या मानाची खरी किंमत आहे. ती चुकती करण्याची बुद्धी तो बुद्धिदाता आपल्या सर्वांना देवो.

गणपती बाप्पा मोरया!